तिथीची पाऊणपट

बाबांना तिथी सांगा, ते भरतीची वेळ सांगतात. "त्रयोदशी? मग पावणेदहा." संपलं. मोबाइल नाही, तक्ता नाही. हिशोब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल त्या वाजता समुद्र पूर्ण भरलेला. अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तास पुढे मोजले की पूर्ण ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते, म्हणून ही पाऊणपट. घड्याळ लावण्याइतकी ती अचूक नाही, पण होडी कधी ढकलायची हे ठरवायला पिढ्यान् पिढ्या पुरली आहे.

हे त्यांना डहाणूत कळलं. ऐंशीच्या दशकात ते ठाणे जिल्हा परिषदेचे कारकून होते आणि तीन वर्षं डहाणूच्या पंचायत समितीत होते. कचेरीतला शिपाई झाई गावचा, मांगेला या मच्छीमार समाजातला, घरी होडी असलेला. दुपारी डबा खाताना त्याने हा गुणाकार शिकवला आणि तो बाबांच्या डोक्यात चाळीस वर्षं तसाच राहिला. आमच्या तीन दिवसांच्या सहलीचा सगळा आराखडा या एका गुणाकारावर उभा राहिला, म्हणून सुरुवात त्यानेच केली.

सुट्टी लागली की आम्ही ठाणेकर गाडीचं तोंड दक्षिणेला वळवतो. अलिबाग, मुरुड, गुहागर, फारच रजा असेल तर मालवण. उत्तरेला जायचं ते वज्रेश्वरीला, नाहीतर थेट सुरतेला. मधला सगळा किनारा आमच्या खिडकीबाहेरून रात्रीच्या अंधारात निघून जातो. आणि हा किनारा काही परका नव्हे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर डहाणू-तलासरीची माणसं दाखल्यासाठी, सुनावणीसाठी ठाण्यालाच येत. त्याच्याही आधी, १९६० पर्यंत, आज गुजरातेत असलेलं उंबरगाव ठाणे जिल्ह्यात होतं. बाबा अजूनही "आपला जिल्हा" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तो जुना, लांबलचक नकाशा असतो.

माझ्या लहानपणी डहाणू म्हणजे शनिवारची रात्र. बाबा शटल पकडून विरारला, तिथून दादर, मग ठाणे असे येत. लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जायला लागली ती २०१३ मध्ये, बाबा निवृत्त झाल्यानंतर. हातात कापडी पिशवी आणि तिच्यात कच्चे चिकू. आई ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवी. बुधवार-गुरुवारकडे डबा उघडला की भाताच्या आधी चिकूचा वास यायचा.

गेल्या दिवाळीत बाबा सहज म्हणाले, "एकदा त्या बाजूला जाऊन यायला हवं." ते कधी काही मागत नाहीत. गुडघे दुखतात, लोकलचा जिना होत नाही. म्हणजे गाडीनेच न्यायला हवं आणि लवकर न्यायला हवं, हे मला त्याच क्षणी कळलं. पैशाचं मात्र बघावं लागणार होतं. मुलाच्या क्लासची फी नुकतीच भरलेली. मी तिघांसाठी ९,००० रुपये ठरवले आणि त्यात बसेल तेवढंच करायचं असं मनाशी पक्कं केलं.

याआधी एकदा मी डहाणूजवळच्या बोर्डीला जाऊन आले होते, ते सगळंच फसलं होतं. मोबाइलवर बघून खोली घेतली, ती फोटोतली नव्हतीच. शनिवारी दुपारी पोचलो तेव्हा रस्ताभर गाड्या. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर वाळूच नाही, पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. तो बांधावर बसून राहिला आणि अंधार पडल्यावर आम्ही परतलो. मला वाटलं, एवढं काय म्हणतात लोक बोर्डीबोर्डी. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तिथी कोणती होती?"

मी कॅलेंडर काढलं. सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा दिवस होता. अष्टमीची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला मी बरोबर भरतीच्या वेळी वाळू शोधत होते.

या वेळी उलट बाजूने सुरुवात केली. आधी तिथी, मग तारीख, मग खोली. संध्याकाळी उन्हं उतरताना वाळू उघडी हवी असेल तर भरती दुपारच्या आधी व्हायला हवी, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचे दिवस. शिवाय तेव्हा उधाण असतं, म्हणजे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. भांगाच्या दिवसांत, सप्तमी-अष्टमीला, ते धड चढतही नाही आणि उतरतही नाही. या किनाऱ्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. जसजसं उत्तरेला, खंबातच्या आखाताकडे जावं, तसतसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो आणि किनारा अतिशय सपाट आहे. त्यामुळे बोर्डीचा समुद्र ओहोटीला एवढा मागे जातो की तो गेला कुठे असं वाटावं.

माघी पौर्णिमा रविवारी येत होती. म्हणजे शुक्रवारी त्रयोदशी, शनिवारी चतुर्दशी. मी शुक्रवारची एक रजा टाकली. पहिला मुक्काम केळव्याला, दुसरा बोर्डीला. तेवढ्या एका रजेने निम्मं अंदाजपत्रक सावरलं, कारण केळव्याला शनिवार-रविवारी वसई-विरार आणि मुंबईहून लोकांची रीघ लागते आणि खोलीचे भाव त्याप्रमाणे चढतात. शुक्रवारी तीच खोली १,४०० रुपयांत मिळाली. बोर्डीची शनिवारची १,८०० ला, घरगुती, वर कौलं, मागे चिकूची वाडी. दोन्ही ठिकाणी फोन करून बोलले. आजोबा बरोबर आहेत, जिना नको, कमोड हवा, एवढं सांगितलं की समोरचं माणूस आपलेपणाने बोलायला लागतं हा माझा अनुभव आहे. साधारण ३२० किलोमीटर, आमची जुनी वॅगनआर लिटरला सोळा देते, म्हणजे वीस लिटर. १०४ चा भाव धरून २,०८० रुपये. टोलला ५०० बाजूला, जेवणाखाण्याला २,०००. उरलेले बाराशे वीस रुपये अडीअडचणीला वेगळ्या पाकिटात.

खरं कष्टाचं काम होतं ते काय सोडायचं हे ठरवण्याचं. वसईचा किल्ला सोडला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतलेला तो किल्ला घाईत बघायचा नसतो, आणि सोपाऱ्याचा स्तूप, अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला जोडून ठाण्याहून ती एका दिवसाची वेगळी सहल होते. दमणही सोडलं. बाबांना तिकडे काही आठवायचं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे पाचला निघालो. घोडबंदर रस्त्याने जाणाऱ्यांना पाचचं महत्त्व सांगायला नको, गायमुखच्या घाटात एकदा अवजड गाड्यांमागे अडकलं की सकाळ गेली. वर्सोव्याचा पूल ओलांडला तेव्हा खाडीवर धुकं होतं. महामार्गाने खानिवड्याचा टोल, पुढे वरई फाट्याला डावीकडे वळलो, आणि पाच मिनिटांत ट्रकांचा आवाज मागे पडला. सफाळ्याकडे जाणारा तो रस्ता डोंगराच्या कुशीतून उतरतो, वर तांदुळवाडीचा किल्ला. बाबा काच खाली करून बसले.

या किनाऱ्याला सलग सागरी रस्ता नाही, हे आधीच सांगायला हवं. वैतरणा, केळवे, सातपाटी, तारापूर, डहाणू, ठिकठिकाणी खाड्या आत शिरल्या आहेत. एका गावातून समोर दिसणाऱ्या गावात जायला कधीकधी पार रेल्वेपर्यंत मागे जाऊन वळसा घालावा लागतो. नकाशा बघून वैताग येतो. मला मात्र आता वाटतं की गावं गावांसारखी राहिली त्यात या वळशांचा वाटा आहे. घाईत असलेला माणूस इथे येतच नाही.

केळव्याला सुरूचं बन आहे, त्यात वाळूने वेढलेला छोटासा किल्ला आहे, शीतलादेवीचं देऊळ आहे. पण बाबांना बघायच्या होत्या पानवेली. केळवे-माहीमच्या वाड्यांत नारळी-केळींच्या सावलीत विड्याची पानं होतात. बाबांच्या काळी पानांच्या करंड्या रेल्वेने उत्तर हिंदुस्थानात जात. आज वाड्या कमी झाल्या आहेत, तरी एक सापडली. आत शिरलो तेव्हा गारवा अंगाला लागला, जणू दार लावून घेतलं असावं. वाडीवाल्या मामांनी मुलाला कोवळं पान दिलं, म्हणाले, "दांड्याकडून चाव."

ज्यांच्याकडे उतरलो त्या काकू वाडवळ समाजातल्या. थंडी होती म्हणून त्यांनी उकडहंडी केली होती. कोनफळ, रताळी, वालाच्या पापड्या, सगळं मडक्यात आपल्याच वाफेवर शिजलेलं, पाणी जवळजवळ नाहीच. मी हॉटेलात कधी ही खाल्लेली नाही आणि मिळाली तरी खाणार नाही. ते जेवण माणशी २०० रुपयांत झालं. दुपारी चारला, त्रयोदशीच्या हिशोबाने अगदी चारला, समुद्र लांब गेलेला होता आणि माझा मुलगा धावत सुटला होता.

शनिवारी माहीम, शिरगाव करत सातपाटीला गेलो. शिरगावच्या किल्ल्यात फांद्या फुटलेला ताड आहे, तो बघायला मुलगा हट्टाने उतरला. ताडाला फांद्या असतात यावर त्याचा विश्वासच नव्हता. सातपाटीला मात्र वेळ साधून पोचायचं होतं. तिथल्या खाडीत गाळ साचलेला आहे, त्यामुळे मोठ्या बोटी भरतीच्या पाण्यावरच आत येतात. चतुर्दशी, साडेदहा. दहाला आम्ही बंदरात उभे, आणि बोटी एकामागून एक येत होत्या. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, आणि पापलेटासाठी सातपाटीचं नाव सगळ्यांत आधी घेतात. एका मावशीने टोपलीतले पापलेट दाखवले, तळहाताएवढे. "पूर्वी असे आम्ही घरी खायचो, विकायचे ते मोठे," ती म्हणाली. लहान मासा जाळ्यात येतो, मोठा व्हायला मागे उरतच नाही, हे ती किती साध्या शब्दांत बोलली. आमच्या अंदाजपत्रकात पापलेट नव्हतंच. सुके बोंबील घेतले, दीडशे रुपयांचे, आणि गाडीला तीन दिवस त्यांचा वास आला.

पालघरला बाबांनी गाडी थांबवायला लावली. १४ ऑगस्ट १९४२ ला इथे कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. सातपाटी, नांदगाव, सालवड अशा साध्या गावांतली ही माणसं. बाबा हुतात्म्यांच्या स्मारकापाशी चप्पल काढून उभे राहिले. नातवानेही काढली.

बोईसर, तारापूर इथे थांबलो नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून इथे चालतं, पण रस्त्यावरून दिसतात त्या तारा आणि ट्रक.

चिंचणीला सुरूखाली बसून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली. चिंचणी सोडून डहाणूकडे निघालं की डाव्या हाताला वरोर, वाढवण ही गावं लागतात. वाढवणच्या समुद्रात प्रचंड बंदर होणार आहे, सुमारे ७६ हजार कोटींचं. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली. डहाणू तालुका १९९१ मध्येच पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये हे बंदर नाकारलं होतं, त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली. भिंतींवर विरोधाच्या घोषणा अजून आहेत. वाढवणचा खडकाळ उथळ पट्टा म्हणजे माशांच्या विणीची जागा, असं इथले मच्छीमार सांगतात. मला रोजगाराची गरज कळते, बोईसरच्या कारखान्यांत काम करणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत. तरीही त्या किनाऱ्यावर उभं राहून मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. बाबा काही बोलले नाहीत. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. माझ्या मुलाच्या मुलांना हा किनारा असा दिसणार नाही, म्हणून मी त्याला गाडीतून खाली उतरवलं आणि नीट बघायला सांगितलं.

डहाणूत बाबांची जुनी कचेरी शोधली. ती जागा त्यांना ओळखता आली नाही. त्यांनी दोनदा गाडी मागे घ्यायला लावली, मग म्हणाले, "असू दे. स्टेशनकडचा चहा घेऊ."

रविवारचं आधीच सांगून टाकते, कारण शनिवारच्या संध्याकाळनंतर मला दुसरं काही सांगायचं नाही. रविवारी सकाळी कोसबाडला गेलो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्याकडे गेली. अंगणात अंगणवाडी, आणि गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी शाळा. आज गावोगाव आहे त्या अंगणवाडीचं मूळ या कामात आहे. बाबांनी कधीकाळी याच कामाच्या अनुदानाच्या फायली पुढे पाठवल्या होत्या. "कागदच पाठवायचो गं," ते म्हणाले, "पण त्या फायली मी कधी तुंबू दिल्या नाहीत." तेवढं सांगताना त्यांचा आवाज वेगळा झाला. पुढे चारोटीजवळ महालक्ष्मीचं दर्शन घेऊन महामार्गाला लागलो आणि अंधार पडायच्या आत ठाण्यात होतो. पाकिटात ६४० रुपये शिल्लक होते.

आता शनिवार. डहाणूहून बोर्डीचा सतराएक किलोमीटरचा रस्ता नरपड, चिखले, घोलवड असा समुद्राला धरून जातो. या सबंध किनाऱ्यावर एकच रस्ता निवडायचा असेल तर मी हा निवडेन. डावीकडे सुरू आणि त्यामागे पाणी, उजवीकडे चिकूच्या वाड्या, मधूनच पारशी-इराण्यांचे जुने बंगले. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याकडेला एक बाई टोपली घेऊन बसली होती. बाबांनी स्वतः उतरून दोन किलो घेतले, एकेक दाबून, कच्चे निवडून. "तांदळात घालायला," म्हणाले. आईला जाऊन सहा वर्षं झाली.

पाच वाजता किनाऱ्यावर गेलो. चतुर्दशी, पावणेपाच. इथली वाळू काळसर, आणि नर्मदा-तापीच्या गाळाने पाणी मातकट. निळा समुद्र बघायचा असेल त्याने इथे येऊ नये. पण त्या ओल्या काळ्या वाळूत आकाश जसं उतरतं तसं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. समुद्र कुठेतरी लांब, एक चकाकती रेघ. बाबांनी काठी घेतली होती. घट्ट, सपाट वाळू, ना चढ ना उतार, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नव्हता. ते चालत राहिले. ठाण्यात नाक्यापर्यंत जाताना तीनदा थांबतात, इथे थांबलेच नाहीत.

मागे पूर्वेला बारडाच्या डोंगरावर चतुर्दशीचा चंद्र वर आला होता. संजाणच्या पारशांनी संकटाच्या काळात आपला पवित्र अग्नी याच डोंगरातल्या बहरोटच्या गुंफांत जपला, तो आज उदवाड्याला आहे. समोर सूर्य अजून हातभर वर. बाबा दोघांच्या मधोमध उभे आणि त्यांचा नातू त्यांच्याभोवती गोल फिरत गुणाकार करत होता.

"आजोबा, उद्या पौर्णिमा. सव्वाअकरा."

"बरोबर. पण इथे अर्धा तास मिळव. हा समुद्र मुंबईपेक्षा उशिरा भरतो."

"आणि परवा प्रतिपदा. एकाची पाऊणपट... पाऊण! पाऊण वाजता!"

"हं."

"मग आत्ताची ओहोटी संपली?"

बाबा उत्तर न देता थोडे पुढे गेले आणि काठीच्या टोकाने एक रेघ ओढली. आम्ही तिघं ती बघत उभे राहिलो. आधी काहीच झालं नाही. मग पाण्याची एक पातळ कड आली, रेघेला लागली आणि मागे गेली. दुसरी आली ती रेघ ओलांडून, आमच्या पावलांपर्यंत.

"पाणी फिरलं," बाबा म्हणाले. "चला."